जहाजाचा वाढदिवस

दुबई मरीनातल्या आमच्या ऑफिसात शिरलं की समोरच काचेच्या पेटीत एक जहाज दिसतं. हातभर लांब, राखाडी, पुढच्या टोकाला एकच तोफ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमारानं घाईघाईनं बांधलेल्या लहान लढाऊ जहाजांपैकी एकाची ही प्रतिकृती. कॉर्व्हेट म्हणतात त्यांना. मालवाहू जहाजांचे ताफे अटलांटिक ओलांडताना जर्मन पाणबुड्यांपासून त्यांची राखण करायची, एवढंच त्यांचं काम होतं. आमच्या चेअरमनचे वडील या जहाजाचे कप्तान होते. चेअरमन स्वतः कधी समुद्रावर गेले नाहीत, पण ऑफिसात सगळे त्यांना कॅप्टनच म्हणतात आणि तेही कुणाला दुरुस्त करत नाहीत.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकले. समुद्र पाहिला तो लग्नानंतर. वडील शाळेचे गणवेश शिवायचे आणि ज्या शाळेचे शिवायचे तिथल्याच बाईंनी मला शाळा सुटल्यावर थांबवून इंग्रजी शिकवलं. त्या बाई नसत्या तर मी आज कुठे असते, हे मला नीट ठाऊक आहे. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. नवऱ्याची नोकरी शारजात, म्हणून तिथल्याच अल नहदा भागात बिऱ्हाड केलं, आणि वर्षभर घरी बसल्यावर मला या कंपनीत काम मिळालं. जहाजांची एजन्सी आहे ही. कुणाचंही जहाज बंदराला लागलं की त्याचे कागद, खलाशांचे पास, गोडं पाणी, इंधन, डॉक्टर हे सगळं आम्ही बघतो.

बी.ए. इतिहासात केलंय म्हटल्यावर कॅप्टननी मला पहिल्याच महिन्यात जहाजाचा सेवा-इतिहास लिहायला दिला. त्यांच्याकडे वडिलांचे जुने कागद होते, आणखी काही पुस्तकं होती. कुठल्या गोदीत बांधलं, कुठल्या ताफ्याबरोबर गेलं, कुठे दुरुस्ती झाली, कधी भंगारात निघालं, हे सोप्या इंग्रजीत दहा मिनिटांत वाचता येईल असं लिहायचं होतं. मला फार मोठा मान वाटला. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, पदवीचं काम मिळालं."

लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. अशा इतिहासात जहाज सगळं करतं आणि माणसं काहीच करत नाहीत. जहाज रुजू झालं. जहाजानं हल्ला केला. परिणाम दिसला नाही. जहाज ताफ्याबरोबर पुढे निघालं. एका ठिकाणी मी जरा सविस्तर लिहिलं होतं. तेलाचं एक जहाज पाणबुडीनं फोडलं, त्यावरची माणसं पाण्यात तरंगत होती, आणि यंत्राला पाणबुडीचा आवाज नेमका त्यांच्याच खाली लागला. कॅप्टनच्या वडिलांनी त्या माणसांच्या मधूनच जहाज नेलं आणि खोल पाण्यात फुटणारे बॉम्ब टाकले. असे बॉम्ब फुटले की वर तरंगणाऱ्यांची आतडी आतल्या आत फाटतात. पाणबुडी सापडली नाही. आतड्यांचं वाक्य कॅप्टननी लाल पेननं खोडलं. बाजूला लिहिलं, "अनावश्यक."

पण त्या प्रसंगावरच त्यांचा सगळा जीव होता. दर नोव्हेंबरात, जहाज पहिल्यांदा पाण्यात सोडलं त्या दिवशी, ऑफिसात त्याचा वाढदिवस होतो. सगळे पेटीभोवती उभे राहतात. मी इतिहास वाचते. मग कॅप्टन एकाला निवडून प्रश्न विचारतात: पाण्यात माणसं, त्यांच्याखाली पाणबुडी, पाठीमागे चाळीस जहाजांचा ताफा. तुम्ही कप्तान. काय कराल? बरोबर उत्तर देणाऱ्यानं केक कापायचा.

पहिल्या वर्षी त्यांनी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, "होड्या सोडेन, सर. माणसं उचलेन."

सगळं ऑफिस हसलं. कॅप्टन म्हणाले, "अभिनंदन. तू आत्ता तुझं जहाज बुडवलंस आणि ताफ्यातली आणखी दहा."

आमचे मॅनेजर पुण्याचे. ते माझ्या कानाशी वाकून मराठीत म्हणाले, "बी.ए. ना? दिसतंय."

मी पॅन्ट्रीत जाऊन डोळे धुतले. तिथे अंकल चहा करत होते. अंकल वसईचे, ऑफिसातले सगळ्यांत जुने. जहाज बंदराला लागलं की शिडीनं वर चढून कप्तानाच्या सह्या आणायच्या, हे बोर्डिंगचं काम त्यांनी वीसेक वर्षं केलं होतं. मी लागले तेव्हा माझा प्रत्येक ईमेल जाण्याआधी ते खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि वाचून बघायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

"बाय, इथं एकच उत्तर हाय," ते म्हणाले. "ते पाठ कर. हल्ला करेन, सर. झालं. खलास."

"पण अंकल, खरं उत्तर काय?"

"खरं पाण्यातल्याला विचार." त्यांनी माझ्या हातात कप दिला. "साखर घातलीय. रडलेल्या माणसाला साखर लागते."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका ओल्या शिडीवरून अंकल घसरले. कमरेत स्क्रू बसले. त्यानंतर ते काठी घेऊन यायचे आणि टेबलावरचं काम करायचे. मॅनेजर येता-जाता म्हणायचे, "अंकल, बोर्डिंगचा माणूस बोर्डवर चढत नाही म्हणजे टॅक्सीवाला पायी फिरल्यासारखं झालं." अंकलही हसायचे. "मीटर चालू हाय ना सर, मग झालं."

त्यांना फक्त मार्चपर्यंत टिकायचं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी बारावीला होती. मार्चअखेर बोर्डाची परीक्षा संपणार, मग खुशाल काढा म्हणायचे. इथे माणसाची नोकरी गेली की त्याचा व्हिसा जातो, आणि त्याच्या व्हिसावर बायकोचा आणि मुलांचा असतो. म्हणजे नोकरीबरोबर शाळाही जाते. अंकलच्या घरात कुणी पदवीधर नव्हतं. ते स्वतः दहावीला बसलेच नव्हते. मुलगी कधी ऑफिसात आली की माझ्याकडे बोट दाखवून तिला सांगायचे, "ही बघ. टेलरची पोर. पदवी घेतली आणि माझ्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसली. तू माझ्या वरच्या खुर्चीत बस." मुलगी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणायची, "येस, डॅड."

ऑक्टोबरात कुजबुज सुरू झाली की माणसं कमी करणार. अंकल मॅनेजरना जाऊन भेटले. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाला, इन्शाल्ला, अंकल, इन्शाल्ला." ते खुर्चीत हळूहळू बसले. इथे तोंडावर नाही म्हणायचं नसलं की माणसं इन्शाल्ला म्हणतात. "दोनदा म्हणाला. एकदाच म्हटला असता तर बरं होतं."

वाढदिवसाच्या दिवशी ते टाय लावून आले. लग्नातला असावा, रुंद आणि चॉकलेटी. मी विचारलं तर म्हणाले, "आज कॅप्टनच्या समोर उभं राहायचं ना. म्हातारा दिसता कामा नये." मी इतिहास वाचला. माझा उच्चार आता बरा झाला होता आणि वाचताना मला बरं वाटत होतं. वाचून झाल्यावर कॅप्टननी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"आज आपल्या सगळ्यांत जुन्या माणसाला विचारतो," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली, मी याला कधी विचारलंच नाही."

अंकलचा चेहरा उजळला. मलाही आनंद झाला. चारचौघांत ज्याला जवळ बोलावतात त्याला काढत नाहीत, असं मला वाटलं. अंकलनाही तेच वाटलं असणार. त्यांनी काठी पेटीला टेकवली आणि हात मागे बांधून ताठ उभे राहिले.

प्रश्न झाला. अंकल मोठ्यानं म्हणाले, "हल्ला करेन, सर. फुल स्पीड."

टाळ्या पडल्या. कॅप्टननी हात वर करून त्या थांबवल्या. "आणि पाण्यातल्या माणसांत एक जण तुमचा स्वतःचा असेल तर? खूप वर्षं तुमच्याबरोबर राहिलेला? चांगला माणूस?"

हा प्रश्न त्यांनी याआधी कधी विचारला नव्हता. अंकलनी माझ्याकडे पाहिलं. पाठ केलेल्या धड्याबाहेरचं आल्यावर मूल बाईंकडे बघतं, तसं. मग ते हसून म्हणाले, "तरीपण तेच, सर. ताफा पहिला."

कॅप्टननी स्वतः टाळ्या वाजवल्या. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते, ते मी पाहिलं. "माझे वडील मरेपर्यंत एकच गोष्ट विचारत राहिले," ते म्हणाले. "त्या माणसांनी आपल्याला समजून घेतलं असेल का? आज मला उत्तर मिळालं." त्यांनी अंकलच्या खांद्यावर हात ठेवला. "मित्रांनो, कंपनी कठीण पाण्यातून चाललीय. आज पाच सहकाऱ्यांचा निरोप घ्यावा लागतोय. सुरुवात मी अशा माणसापासून करतोय, ज्याला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं."

अंकल अजून हसत होते. हसू पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मग कॅप्टननी त्यांच्या हातात सुरी दिली, कारण उत्तर बरोबर होतं. केक दरवर्षी जहाजाच्याच आकाराचा येतो, राखाडी क्रीमचा. अंकलनी तो कापला. एका हातानं टेबलाचा आधार घेत त्यांनी सगळा केक कापला, प्लेटांत भरला आणि एकेकाच्या हातात दिला. काठीशिवाय चालताना त्यांना दुखत होतं. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "क्रीमचा देऊ का साधा?"

मी हात पुढे केला. त्यांनी साधा दिला. कोपऱ्यातून कुणीतरी मोबाईलवर हे सगळं घेत होतं.

दुपारी मॅनेजरच्या केबिनबाहेर मी माझी पाळी असल्यासारखी उभी होते. दार उघडंच होतं.

"सर, पगार नको," अंकल म्हणत होते. "फक्त व्हिसा ठेवा. मार्चपर्यंत. मी घरी बसतो, कुणाला दिसणारपण नाही."

"अंकल, असं कायद्यात बसत नाही."

"मग टेबलावर बसवा. चहा करतो. सर, तुमची मुलगीपण बारावीला होती ना, तेव्हा मी रोज ट्यूशनवरनं—"

"अंकल." मॅनेजरांनी पेन पुढे केलं. "उत्तर तुम्हीच दिलंत ना? सगळ्यांसमोर? आता असं करून कॅप्टनचा मूड घालवू नका. यल्ला, चला, इथे सही करा आणि इथे."

मला शिकवलेल्या बाई म्हणायच्या की वाचलेलं माणसाच्या उपयोगी पडलं तर ते ज्ञान. मी वाचलेलं एक मला आठवलं. पुष्कळ ताफ्यांच्या शेवटाला एक लहानसं जहाज मुद्दाम ठेवलेलं असायचं. लढायचं नाही, फक्त पाण्यातली माणसं उचलायची, एवढंच त्याचं काम. मी तशीच वर कॅप्टनच्या केबिनमध्ये गेले. मोडक्या इंग्रजीत नाही, चांगल्या इंग्रजीत, एकेक वाक्य मनात जुळवून मी त्यांना ते सांगितलं.

ते खूश झाले. "उत्तम! हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. पुढच्या वर्षीच्या वाचनात घाल."

"सर, मी अंकलसाठी म्हणत होते. मार्चपर्यंत."

त्यांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. आवाज अगदी मायेचा होता. "पण ते काम आपल्या जहाजाचं नव्हतं ना? राखण करणारं जहाज थांबत नाही. उचलणारं जहाज वेगळं." मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते हसले. "तू हो ना ते. तू का होत नाहीस?"

चेष्टेत म्हणाले ते. पण मी घरी आले ती तेच डोक्यात घेऊन.

आमचं घर एका बेडरूमचं. आमचा मुलगा सहा वर्षांचा. नवरा म्हणाला, "अगं, अंकलच्या मुलीला परीक्षेपर्यंत ठेवायला माझी ना नाही. पण झोपवणार कुठे? वॉशिंग मशीनवर?" शेवटी हॉलमध्ये पडदा लावून तिची जागा केली. तिच्यासाठी व्हिजिट व्हिसा काढला आणि शाळेत अंकलनी हातापाया पडून नाव राखून घेतलं. नाताळच्या आधी अंकल आणि त्यांची बायको, आमच्या आंटी, वसईला गेले. जाताना आंटींनी डब्यात नेवऱ्या, म्हणजे नाताळच्या करंज्या, करून ठेवल्या आणि अंकल मला म्हणाले, "बाय, माझी पोर तुझ्या पदरात घालतो. तुझ्यासारखी कर." मी हो म्हटलं. माझ्यावर इतका विश्वास आधी कुणी टाकला नव्हता.

मुलगी विमानतळावर आली नाही. पडद्यामागे बसून राहिली. मी परत आल्यावर तिनं मला मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. शारजातल्या रोल्ला भागात ते राहायचे, तिथल्या सगळ्या बिल्डिंगमध्ये तो फिरला होता. अंकलचा चॉकलेटी टाय, मागे बांधलेले हात, आणि ते हसून म्हणतायत, ताफा पहिला.

"ही सेड इट ट्वाइस, आंटी," ती म्हणाली. "नोबडी फोर्स्ड हिम. अँड देन ही सर्व्ह्ड केक."

"त्यांनी ते तुझ्यासाठी केलं गं. नोकरी वाचावी म्हणून."

"डिडन्ट वर्क, ना?" तिनं पडदा ओढून घेतला.

नाताळला ती चर्चला गेली नाही. रोज सकाळी अंकलचा फोन यायचा, माझ्या मोबाईलवर, कारण तिचा ती उचलत नसे. मी स्पीकर लावायची. "सांग तिला, टोपी घालून जा, ऊन हाय." "सांग तिला, केमिस्ट्रीचे पेपर पाठवलेत." ती शेजारीच टोस्ट खात असायची. मी म्हणायची, "ती ऐकतेय, अंकल." तिकडून एवढंच यायचं, "बरं. ऐकू दे." ती मान वळवून माझ्या मुलाच्या बुटाची नाडी बांधायची. माझ्या मुलाशी तिचं फार जमलं. अभ्यास मात्र तिनं असा केला की मला माझे दिवस आठवले. पहाटे उठून, तोंडानं न पुटपुटता, नुसती पानं उलटत.

परीक्षा पार पडली. व्हिसाची मुदत वाढवत मे उजाडला आणि निकाल लागला. तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गुण मिळाले. मी ऑफिसात पेढे वाटले. अंकलचं नाव घेऊन वाटले, कुणी काही म्हणो. अंकलनी वसईच्या कॉलेजात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, आंटींनी माळ्यावरची खोली रंगवून घेतली होती.

कॅप्टननी पेढा घेतला. "म्हणजे तुझ्या जहाजानं उचललेली मुलगी पोहोचली तर किनाऱ्याला!" ते म्हणाले. "उद्या तिला घेऊन ये. मला भेटायचंय."

मला वाटलं, आशीर्वाद देतील. कदाचित कॉलेजसाठी काही करतील. मी स्वतः तिला इस्त्रीचा ड्रेस घालून घेऊन गेले. ती पेटीतल्या जहाजाकडे बघत उभी राहिली आणि मग एकटीच आत गेली. बाहेर आली तेव्हा मॅनेजर तिच्याबरोबर होते, आणि तिच्या हातात कंपनीचा कागद होता. रिसेप्शनची जागा, कंपनीचा व्हिसा. तिनं सही केलीसुद्धा होती.

टॅक्सीत मी तिला म्हटलं, "तुला कळतंय का तू काय केलंस? कुणाच्या ऑफिसात?"

"आंटी, आय वॉज बॉर्न इन शारजा," ती म्हणाली. "वसईत मी दोनदा गेलेय. बोथ टाइम्स फॉर फ्युनरल्स. मला तिकडे कुणी माहीत नाही. दे आर गिव्हिंग मी अ व्हिसा. तुम्ही देऊ शकता?"

मी तिच्या हातातला कागद घेऊन पुन्हा वाचला.

संध्याकाळी अंकलचा फोन आला. तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा ती बापाशी बोलली. इंग्रजीतच, थोडक्यात. नोकरी, व्हिसा, सही झाली. कॉलेज नंतर बघू, ऑनलाइन. मग मोबाईल मला देऊन ती आंघोळीला गेली.

अंकल अजून लाइनवर होते. मागे आंटी काहीतरी विचारत होत्या, ते ऐकू येत होतं.

"अंकल, मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "मी फक्त भेटवायला नेलं होतं."

"मी तुला उचलायला सांगितलं होतं, बाय," अंकल म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तू उचललीस आणि त्याच जहाजावर नेऊन चढवलीस. त्यांनी मला पाण्यात टाकलं ते मी समजलो. तो धंदा हाय त्यांचा. पण तू माझी पोर हातानं धरून नेऊन दिलीस."

"अंकल—"

"आता फोन करू नको मला."

त्यानंतर मी तीन-चारदा केला. आंटी उचलायच्या, ते झोपलेत म्हणून सांगायच्या. माझ्या मोबाईलवर अंकलचा शेवटचा मेसेज अजून ईस्टरचाच आहे, मी पाठवलेल्या शुभेच्छांना आलेलं उत्तर. मला जे कुणी शिकवलं त्यांतल्या एकाची तरी परतफेड करावी अशी माझी इच्छा होती. ती अशी झाली.

त्या संध्याकाळी ती केस पुसत बाहेर आली. मी मोबाईल अजून कानाशीच धरला होता. तिनं विचारलं, "आंटी, संडेला जॉइन करायचंय की मंडेला? आणि फॉर्मल्सच लागतात, की जीन्स चालते?"

"मंडेला," मी म्हटलं. "फॉर्मल्सच."